सानंद की सिन्नर?

(इंदिरानगर, नाशिक. सोसायटीचा ग्रुप. रविवार)

रोहिणी, ए-२०४: नमस्कार सर्वांना. हे ग्रुपवर लिहायचं नव्हतं, पण काल लिफ्टमध्ये आणि आज सकाळी गेटवर मला विचारलं गेलं, "फ्लॅट भाड्याने कधी देताय?" आम्ही कुणालाही असं सांगितलेलं नाही. निलेशच्या कंपनीतली उत्पादनाची लाइन अंबडहून गुजरातेतल्या सानंदला चालली आहे, एवढं खरं. जायचं की नाही हे आमचंच अजून ठरलेलं नाही. सासूबाईंच्या कानावर हे बाहेरून जायला नको. कृपया.

कुलकर्णी काकू, ए-३०१: अगं, मनाला लावून घेऊ नकोस. काळजीपोटी विचारलं असेल कुणी.

रोहिणी, ए-२०४: काकू, काळजी असती तर आधी आम्ही कसे आहोत ते विचारलं असतं.

प्रशांत, बी-१०३: वहिनी, कुणी विचारलं मला माहीत नाही. पण विषय निघालाच आहे म्हणून नम्रपणे सांगतो. स्टिल्टमधलं सात नंबरचं पार्किंग रिकामं होणार असेल तर वेटिंग लिस्टमध्ये माझं नाव पहिलं आहे. गाडी भर पावसात बाहेर उभी असते.

मनोज, ए-१०२: घ्या, गेटवर कोण होतं ते कळलं 😄

प्रशांत, बी-१०३: मनोजभाऊ, मी गेटवर नव्हतो. उगाच नाव घेऊ नका.

सचिन, सेक्रेटरी: पार्किंग मीटिंगमध्ये. निलेश, काही मदत लागली तर हक्काने सांग.

देवरे नाना, बी-२०२: निलेश, माझी आख्खी नोकरी सातपूरला गेली आणि युनियनच्या कमिटीतही होतो, म्हणून विचारतो. पत्र आलंय का नुसतं तोंडी सांगितलंय?

निलेश, ए-२०४: पत्र आलंय नाना. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. "समूहातील कंपनीत बदली" असं लिहिलंय. पगार तोच, सामान हलवायचा खर्च आणि पहिले सहा महिने घरभाडं देणार. दुसरीकडे सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत एका ठिकाणी बोलणं झालंय, पण तिथे हातात महिन्याला बारा हजार कमी येतील. सोळा वर्षं एका जागी काढल्यावर असं काही ठरवायची सवयच राहिलेली नाही.

देवरे नाना, बी-२०२: समूहातली कंपनी म्हणजे मालक वेगळा. दुसऱ्या मालकाकडे तुझ्या संमतीशिवाय तुला पाठवता येत नाही. नेमणूकपत्रात बदलीची अट असली तरी ती साधारणपणे त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यापुरती धरतात. ते पत्र काढ आणि अटीचे शब्द वाच. इथला राजीनामा घेऊन तिथे नवी नेमणूक देणार असतील तर तुझी सोळा वर्षं सलग धरणार का, ते लेखी घे. साहेबाने चहा पाजून सांगितलेलं धरू नकोस.

ओंकार, बी-४०१: निलेशदादा, मी असतो तर गेलो असतो. गाड्यांचे कारखाने आहेत, सेमीकंडक्टरचे येतायत, सगळं सानंदला. एक कंपनी सोडली तर शेजारी दुसरी. इथे आपण किती वर्षं नाशिक-पुणे रेल्वेचीच वाट बघतोय.

मनोज, ए-१०२: ती खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत अडकली. रेल्वेमुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणे.

ओंकार, बी-४०१: तेच म्हणतोय. चांगल्या पगारासाठी आपली पोरं चाकणला जाऊन राहतात आणि शनिवारी नारायणगाव-संगमनेर करत घरी येतात.

आहेर मॅडम, ए-४०३: ओंकार, तुला लहान मूल नाही म्हणून सोपं वाटतं. निलेश, सई आता नववीत आहे आणि तिला मेडिकलला जायचंय. सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. खाजगी कंपनीतल्या बदलीला सवलत नाही. दहावी गुजरातेत झाली तर ती इथल्या कोट्यातून बाहेर. उरतो अखिल भारतीय १५ टक्क्यांचा कोटा, तिथे सगळ्या देशातली मुलं. मी क्लासमध्ये हे दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी एखादं घर हे प्रवेशाच्या वेळी कळल्यावर रडत येतं.

रोहिणी, ए-२०४: मॅडम, हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं. शाळेतही कुणी बोललं नाही.

कुलकर्णी काकू, ए-३०१: मग निलेशने एकट्याने जावं. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न.

रोहिणी, ए-२०४: काकू, आईंना आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. माझी शाळा साडेसातची. एकट्याने जावं हे म्हणायला सोपं आहे.

मनोज, ए-१०२: आणि गुजरातेत दारूबंदी. वाइनच्या राजधानीतला माणूस तिकडे पाठवताय 😄

ओंकार, बी-४०१: सापुतारा घाटाच्या अलीकडे निरोप समारंभ ठेवू.

कुलकर्णी काकू, ए-३०१: मुलांचे फोनही या ग्रुपवर आहेत, जरा भान ठेवा. आणि निलेश घेत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रशांत, बी-१०३: निलेशभाऊ एकटे गेले तर गाडी घेऊन जाणार का? म्हणजे सात नंबर...

सचिन, सेक्रेटरी: प्रशांतजी 🙏

वसंतराव, बी-३०४: माझं मत वेगळं आहे. सगळ्यांनी जावं आणि फ्लॅट भाड्याने द्यावा. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कुंभाच्या पर्वण्या आहेत, भाडी चढणार. थोड्या थोड्या दिवसांसाठी दिलं तर नोकरीपेक्षा जास्त मिळेल.

सचिन, सेक्रेटरी: वसंतराव, रोज नवे लोक सोसायटीत आणायचे झाले तर आधी सभेत ठराव लागेल. रीतसर भाडेकरू ठेवला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) लागतो, तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. मागच्या भाडेकरूच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना?

वसंतराव, बी-३०४: माझ्या भाडेकरूचं नाव आता काढायची गरज नव्हती.

सचिन, सेक्रेटरी: नाव काढलं नाही.

वसंतराव, बी-३०४: ठीक. मग मीही एक विचारतो. निलेश खजिनदार आहेत. जाणार असतील तर आधी सोसायटीचा हिशेब पूर्ण करून द्यावा, एवढीच अपेक्षा.

निलेश, ए-२०४: वसंतराव, मार्चपर्यंतचा हिशेब ऑडिटरकडे गेलेला आहे आणि त्याची प्रत नोटीस बोर्डवर लावली आहे. टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं बिलसुद्धा मी रात्री अकराला बसून मिळवलंय. असं ग्रुपवर विचारायची वेळ ही नव्हती.

आहेर मॅडम, ए-४०३: खरंच नव्हती.

वसंतराव, बी-३०४: गैरसमज नसावा. सर्वसाधारण बोललो.

(मनोज यांनी हा मेसेज डिलीट केला)

देवरे नाना, बी-२०२: विषयावर या. निलेश, ग्रॅच्युइटीचा हिशेब माहीत आहे का? शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भाग, १५ ने गुण, मग नोकरीच्या वर्षांनी गुण. मूळ आणि भत्ता मिळून ४० हजार धरले तर सोळा वर्षांचे साधारण ३ लाख ६९ हजार होतात.

ओंकार, बी-४०१: म्हणजे सिन्नरला गेलात तर बारा हजारांचा खड्डा अडीच वर्षं त्यातूनच भरून निघेल.

देवरे नाना, बी-२०२: तसं मोजायचं नाही, पोरा. ती रक्कम त्याने आधीच कमावलेली आहे, अंबड सोडताना ती मिळायचीच. खड्डा आहे की नाही ते खर्चावरून बघायचं. सहा महिन्यांनी सानंदचं घरभाडं खिशातून. दुसरं गॅसचं कनेक्शन, डबा नाहीतर खानावळ, महिन्यातून दोनदा येणं-जाणं, इथला गृहकर्जाचा हप्ता चालूच. यात बारा हजार कुठे राहतात?

निलेश, ए-२०४: मी काल रात्री कागदावर मांडलं नाना. एकट्याने साधं राहिलो तरी भाडं, जेवण आणि प्रवास मिळून अठरा हजारांच्या आत बसत नाही. पहिल्या सहा महिन्यांचं भाडंही पगारात घरभाडे भत्ता म्हणून देऊ म्हणाले, पण मी नव्या करप्रणालीत आहे, तिथे त्यावर करात सूट मिळत नाही.

देवरे नाना, बी-२०२: मग सिन्नरचे बारा हजार कमी नाहीतच. सानंदलाच सहा हजार कमी आहेत.

ओंकार, बी-४०१: हे मान्य. पण पुढच्या वाढीचं काय? सिन्नरची कंपनी छोटी आहे. तिथे पाच वर्षांनी निलेशदादा कुठे असणार?

निलेश, ए-२०४: हाच प्रश्न मला झोपू देत नाही. तिथे मशिन शॉपचा पूर्ण ताबा देतायत. इथे मी चौथ्या नंबरवर आहे. पण त्यांचं मोठं गिऱ्हाईक एकच आहे असं ऐकलंय.

देवरे नाना, बी-२०२: ते मुलाखतीत सरळ विचार. काम मागायला गेलेल्याने विचारू नये, हा आपला नाशिककरांचा भिडस्तपणा आहे. पगार किती तारखेला होतो, हे तिथल्या कामगारांना गेटवर विचार. गेटवरची माणसं खोटं बोलत नाहीत.

प्रशांत, बी-१०३: परत एकदा नम्रपणे. सात नंबर पार्किंगबाबत निर्णय लेखी मिळावा, नानाच म्हणतायत लेखी घ्या.

रोहिणी, ए-२०४: प्रशांतदादा, आमची गाडी सात नंबरवरच राहणार आहे. आता पुन्हा विचारू नका.

प्रशांत, बी-१०३: राग मानू नका वहिनी. माझी अडचण कुणी समजून घेत नाही, एवढंच.

आहेर मॅडम, ए-४०३: निलेश, आईंच्या विम्याचं बघितलंस का? कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्या असतील तर तू कंपनी सोडताच ते कवच संपतं. नवी पॉलिसी घेतली की जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येते. आमच्याकडे यांच्या वडिलांच्या वेळी तसंच केलं होतं.

निलेश, ए-२०४: आहेत त्या पॉलिसीत. हे अगदी डोक्यातून निसटलं होतं. सिन्नरवाल्यांना आई-वडील धरतात का तेही विचारतो.

सचिन, सेक्रेटरी: आणि पीएफ काढू नकोस. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून नव्या खात्यात वर्ग कर. पेन्शनला लागणारी दहा वर्षं तुझी झालेलीच आहेत, पुढची नोकरीही त्यात धरली जाऊ दे.

देवरे नाना, बी-२०२: अजून एक. तू पर्यवेक्षक आहेस, कामगार नाहीस. कामगाराला छाटणीत वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई कायद्याने मिळते. तुला ती मागून घ्यावी लागेल. स्वतःहून राजीनामा टाकलास की मागायला तोंड उरत नाही. म्हणून आधी मेल: सानंदला सलग सेवा धरणार का, आणि नाही गेलो तर काय देणार. उत्तर येईपर्यंत 'हो'ही म्हणू नकोस आणि 'नाही'ही म्हणू नकोस.

निलेश, ए-२०४: रोहिणीशी आत्ताच बोललो. सईची दहावी-बारावी आणि आईंचं बघता सानंदला जायचं नाही, एवढं आमचं ठरलं. पण सिन्नरचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत कंपनीला नकार कळवणार नाही. नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे, तेवढं थांबायला सिन्नरवाले तयार आहेत. मेलचा मसुदा आज रात्री करतो.

देवरे नाना, बी-२०२: उद्या साडेसातला माझ्याकडे ये. नेमणूकपत्र, आत्ताचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आण.

कुलकर्णी काकू, ए-३०१: रोहिणी, आईंना बुधवारी फिजिओला मी नेईन. मला त्याच रस्त्याला जायचं असतं.

रोहिणी, ए-२०४: काकू, चालेल. मनापासून आभार.

मनोज, ए-१०२: निलेश, माझा मेव्हणा मुसळगावला जातो. मोहदरी घाटात पावसाळ्यात ट्रक अडकले की तास जातो, बाईकने रोज जायचा विचार करू नकोस. सिन्नरवाल्यांची बस आपल्या द्वारका चौकात थांबते की इंदिरानगर बोगद्यापर्यंत येते, ते ऑफर घेतानाच विचारून घे.

निलेश, ए-२०४: द्वारकेपर्यंतच आहे. बोगद्यापर्यंत आणायला सांगतो, इंदिरानगरची अजून चार माणसं तिथे जातात म्हणे.