मूल शाळा सोडून जातं, तेव्हा मागे राहिलेल्या शिक्षकाचं काय?

खडूधूळ:
खासगीकरण म्हटलं की चर्चा पालकांच्या निवडीची होते. सरकारी शिक्षकाचा दिवस कसा बदलतो, ते कोणी विचारत नाही. अनुदान पटावर मिळत असेल तर चाळीसच्या वर्गातली पाच मुलं गेली की पाच मुलांचे पैसे जातात. वर्ग तोच, फळा तोच, शिकवायचं तेवढंच. मग कात्री माणसांना लागते. चित्रकलेचे शिक्षक जातात आणि त्यांच्या तासिका गणितवाल्याच्या गळ्यात पडतात. चिलीत 1980 च्या दशकात शाळा नगरपालिकांकडे दिल्या, पैसे हजेरीवर ठरू लागले आणि शिक्षकांचा सरकारी नोकराचा दर्जा गेला. शेवटी 1991 मध्ये कायदा करून थोडं संरक्षण परत द्यावं लागलं.

शेवटचा बाक:
मुलं उगाच जात नाहीत. नोकरी पक्की म्हणून वर्गात पेपर वाचत बसणारे मास्तर मी सोसलेत. आणि स्पर्धेने पगार पडतातच असं नाही. स्वीडनमध्ये 1992 पासून पैसे मुलामागे जातात. स्पर्धा वाढली तिथे सरकारी शिक्षकांचेही पगार वाढल्याचं अभ्यासात दिसलंय. मालक एकच असला की तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खडूधूळ:
पेपर वाचणारे आहेत, नाकारत नाही. पण पट घटल्यावर ते जातात का? सेवाज्येष्ठतेत शेवटचा असतो तो जातो, बहुधा नवा आणि उत्साही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात 2005 च्या कॅटरिना वादळानंतर 7 हजारांहून अधिक शाळा कर्मचाऱ्यांना सरसकट काढलं. त्यात चांगला कोण, वाईट कोण, हे कोणी पाहिलं?

तिसरी तासिका:
मी दोन्हीकडे शिकवलंय. खासगीत दरवर्षी नवा करार, पुढच्या वर्षी आपण आहोत का हे विचारायचीही भीती. पण मुख्याध्यापिका वर्गात येऊन बसायच्या, चूक दाखवायच्या. सरकारी शाळेत दोन वर्षांत कोणी डोकावलं नाही, माहिती मात्र रोज मागतात. आणि वर्षाच्या मध्यावर 'आमच्याकडे जमत नाही' म्हणून काढलेली मुलं माझ्याच वर्गात येतात. त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणायचंही नाही. फक्त वर्षअखेरीस दोन्ही शाळांचे निकाल शेजारी-शेजारी मांडतात, तेव्हा जीव जळतो.

शेवटचा बाक:
हे मान्य. सरकारी पैसा घेणाऱ्याला मुलं निवडायची मुभा नको. चिलीने 2015 च्या कायद्याने अनुदानित शाळांची ती निवड आणि नफा दोन्ही बंद करायला घेतलं. पण शिक्षकाची नोकरी टिकावी म्हणून मूल अडवून ठेवणं मला पटणार नाही.

खडूधूळ:
अडवा म्हणतंय कोण? मूल आज गेलं तर पैसे आजच तोडू नका, दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी करा. तेवढ्यात शाळेला घडी तरी बसवता येईल.