इंग्रजी शब्दांची ग्रीक-लॅटिन मुळं: अकरावी-बारावीला शिकवताना किती घ्यावीत, कोणत्या क्रमाने?

बर्डीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. नागपुरात मराठी माध्यमातून आलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. निम्मी मुलं नीटच्या तयारीतली, बाकीच्यांचा डोळा एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावीची नव्हे) आणि बँकांच्या परीक्षांवर. शब्दसंग्रहासाठी मुळांचा तक्ता वापरतो, बाजारात मिळतो तसाच: मूळ, अर्थ, दोन उदाहरणं, एकूण दोनशे ओळी.

तक्ता मुलांचा पाठ होतो, पण वाचताना शब्द ओळखू येत नाहीत. 'कॅप' म्हणजे घेणं, पकडणं हे विचारलं की धडाधड सांगतात. 'कॅप्चर'मध्ये ते दिसतंही. पण 'ॲक्सेप्ट', 'रिसीव्ह', 'रेसिपिअंट' हे त्याच घरातले, हे काही केल्या लक्षात येत नाही. दुसरी अडचण उलटी आहे: जिथे मूळ नाही तिथेही दिसतं. 'पीडिॲट्रिशन' म्हणजे पायांचा डॉक्टर, असं एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

संस्कृतचा आधार घ्यावासा वाटतो. दंत आणि डेंटिस्ट मुलांना लगेच पटतं. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'सगळं आपल्याकडूनच गेलं' छापाच्या याद्यांपर्यंत गाडी जायला नको. आठवड्याला दोन तासिका, असे दहा आठवडे हाताशी आहेत. काय ठेवू, काय गाळू?

धरमपेठी_व्याकरण

सर, दोनशे ओळी सोडाच. वीस तासिकांत चाळीस घटक नीट बसले तरी पुष्कळ. सुरुवात मुळांपासून नको, उपसर्गांपासून करा. कारण मुलांना मूळ सापडत नाही ते बहुतेक वेळा उपसर्गानं स्वतःचं रूप बदललेलं असतं म्हणून.

हे मराठीच्या विद्यार्थ्याला समजावणं सोपं आहे, संधी तो शिकलेला असतो. उत् आणि लास मिळून उल्लास, सत् आणि जन मिळून सज्जन. लॅटिनमध्ये नेमकं हेच होतं. नकाराचा 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, म्हणून इलीगल, इम्मॉरल, इर्रेग्युलर. सगळ्यात जास्त वेष पालटणारा उपसर्ग 'ॲड', अर्थ 'कडे'. ॲक्सेप्ट, अफेक्ट, अग्रेसिव्ह, ॲलोकेट, अनाउन्स, अपीअर, अराइव्ह, असिस्ट, अटेंड: या नऊही शब्दांत तोच आहे, आणि नऊही ठिकाणी त्याचा 'डी' पुढच्या व्यंजनात विरघळून ते व्यंजन स्पेलिंगमध्ये दोनदा आलंय. ही यादी फळ्यावर इंग्रजी लिपीत लिहा, उच्चारावरून ते कळत नाही. स्पेलिंगच्या निम्म्या चुका इथेच होतात. 'अकॉमोडेट'मध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम' का, तर 'ॲड' अधिक 'कॉम' अधिक 'मोडस'. दोन उपसर्ग, दोन संधी, दोन जोड्या. एकदा तोडून दाखवलं की पाठ करावं लागत नाही. 'कॉन', 'सब', 'ऑब', 'एक्स', 'डिस' यांचंही असंच: सफर, सपोर्ट, ऑपोज, इफेक्ट, डिफर.

आता 'कॅप'चा घोळ. जुन्या लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असे. मागे उपसर्ग लागला की धातू दुसऱ्या जागेवर ढकलला जातो आणि त्याचा स्वर दुबळा होतो: पुढे एकच व्यंजन असेल तर 'इ', जोडव्यंजन असेल तर 'ए'. म्हणून कॅपचं सिप आणि सेप्ट, फॅकचं फिक आणि फेक्ट. त्यावर फ्रेंचमधून आलेले शब्द आणखी झिजले, म्हणून रिसीव्हमधला 'सीव्ह' आणि कंटेनमधला 'टेन'. तेव्हा कार्डावर एक रूप लिहूच नका. कॅप, सिप, सेप्ट, सीव्ह अशी चारही रूपं एका ओळीत लिहा आणि प्रत्येकाखाली मुलांना आधीच माहीत असलेला एक शब्द. अनोळखी शब्द पाचवा असला पाहिजे, पहिला नाही. बाजारातल्या तक्त्यांची खोड हीच की उदाहरणंही अनोळखीच असतात.

लॅटिन क्रियापदांची दोन अंगं जोडीनेच द्या: पेल-पल्स, मिट-मिस, सीड-सेस, व्हर्ट-व्हर्स, स्क्राइब-स्क्रिप्ट. मग एक्स्पेलचं एक्स्पल्शन, परमिटचं परमिशन, कन्सीडचं कन्सेशन, डायव्हर्टचं डायव्हर्जन, प्रिस्क्राइबचं प्रिस्क्रिप्शन आपोआप सुटतं, आणि शेवटच्या 'शन'मध्ये 'टी' की 'एस' हेही दुसऱ्या अंगावरून कळतं. 'टेंड'ला मात्र लॅटिनमध्येच दोन रूपं होती, म्हणून अटेन्शन 'टी'नं आणि एक्स्टेन्शन 'एस'नं. ते तेवढं घोकायला सांगा.

बारा धातू पुरे: कॅप, फॅक, मिट, सीड, व्हर्ट, स्क्राइब, ड्यूस, टेन, पोज, स्पेक, पेल, फर. शेवटच्या 'फर'चं दुसरं अंग 'लेट' आहे, दिसायला काही संबंध नाही. पण म्हणूनच ट्रान्स्फर आणि ट्रान्स्लेट, रिफर आणि रिलेट ही एकाच क्रियापदाची पोरं. हा फर आपल्या 'भृ' धातूचा नातलग, भार वाहणं या अर्थाचा.

मेडिकल_चौक

मास्तर, नीटवाल्या पोट्ट्यांसाठी ग्रीक वेगळं काढा न. तिथे उलटं करा: शब्दाचा शेवट आधी, मूळ मागून.

आयटिस म्हणजे दाह. एक्टमी म्हणजे कापून काढून टाकणं, ऑटमी म्हणजे नुसता छेद, ऑस्टमी म्हणजे बाहेर तोंड उघडून देणं. ईमिया म्हणजे रक्तातली स्थिती, अल्जिया म्हणजे दुखणं. ही सहा शेपटं आली की शब्द मागून पुढे वाचायला लावा. हायपोग्लायसीमिया: रक्तात, साखर, कमी. कोलेसिस्टेक्टमी: काढून टाकणं, पिशवी, पित्ताची, झालं पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन. पुढून वाचत आले तर पोट्टे 'कोले'पाशीच अडकतात.

मधला 'ओ' कुठून आला हे विचारतातच. तो नुसता सांधा आहे. पुढे व्यंजन असलं की लागतो, स्वर असला की गळतो: गॅस्ट्रोस्कोप, पण गॅस्ट्रायटिस.

अवयवांची नावं जोडीनं द्या, कारण साधं विशेषण बरेचदा लॅटिन असतं आणि रोग किंवा शास्त्र ग्रीक. मूत्रपिंड: रीनल, पण नेफ्रायटिस. फुप्फुस: पल्मनरी, पण न्यूमोनिया. त्वचा: क्युटेनिअस, पण डर्मटायटिस. डोळा: ऑक्युलर, पण ऑफ्थॅल्मॉलॉजी. दात: डेंटल, पण ऑर्थोडॉन्टिस्ट. एकच शिकवलं तर अर्धं पुस्तक अनोळखी राहते.

हमखास गोंधळ होतो तो मायो, मायलो, मायको या तिघांचा: स्नायू, मज्जा, बुरशी. मायोकार्डायटिस, मायलोमा, मायकॉलॉजी. हे तिन्ही एकाच दिवशी शिकवू नका, राजेहो. मायो आज, मायको पंधरा दिवसांनी. एकत्र शिकवलेली सारखी दिसणारी मुळं एकत्रच विसरली जातात. हायपर-हायपोचंही तेच, पण तिथे संस्कृत कामी येते: हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप. नातं खरं आहे, जुळवलेलं नाही.

आणि नकाराचा 'अ'. आपल्याकडे व्यंजनापूर्वी अ, स्वरापूर्वी अन्: अज्ञान, पण अनादर. ग्रीकमध्ये हुबेहूब तोच नियम: ॲटम, पण ॲनीमिया, ॲनार्की. दहा मिनिटांत होते.

शंकासूर

वरचं सगळं मान्य. पण अंदाजाला लगाम कसा घालायचा, हा मास्तरांचा खरा प्रश्न राहिला.

'पेड' दोन आहेत. लॅटिनचा पेड म्हणजे पाय: पेडल, पेडेस्ट्रिअन. ग्रीकचा मूल या अर्थाचा शब्द इंग्रजीत येताना तसाच दिसू लागला: पीडिॲट्रिक्स, पेडॅगॉजी. 'होमो'ही दोन: लॅटिनमध्ये माणूस, ग्रीकमध्ये समान, होमिसाइड पहिल्याचा, होमोजीनिअस दुसऱ्याचा. 'सिड' तर तिघांचा: ॲक्सिडेंटमध्ये पडणं, सुइसाइडमध्ये मारणं, आणि रेसिडेंटमध्ये बसणं, तिथे स्पेलिंगला 'एस' आहे तेवढीच खूण. 'इन' नेहमी नकाराचा नसतो; इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारा. गॅसच्या टँकरवर लिहिलेला हा शब्द उलटा वाचणं परवडणारं नाही. 'अँटी'त विरोध आणि 'अँटे'त आधी, पण अँटिसिपेट दिसतो पहिल्यासारखा आणि आहे दुसऱ्याचा.

मूळ बरोबर असूनही अर्थ सरकलेला असतो, हे वेगळंच. मॅन्युफॅक्चर म्हणजे हातानं बनवणं. आज बुटीबोरीच्या कारखान्यात यंत्रानं होतं तेही मॅन्युफॅक्चरच. डिसेंबरमध्ये दहा आहे, कारण जुनं रोमन वर्ष मार्चला सुरू होई. आणि काही शब्दांत लॅटिन शोधूच नये. ऑरेंज हा नारंगपासून फारसी, अरबी, फ्रेंच करत इंग्रजीत गेला. आपल्या नागपूरच्या झिरो माइल स्तंभाच्या नावातला झिरो अरबी 'सिफ्र'चा, माइल मात्र अस्सल लॅटिन: 'मिले' म्हणजे हजार, रोमन सैनिकाची हजार दुहेरी पावलं. त्याच हजाराचे मिलेनियम आणि मिलिपीड.

संस्कृतबद्दल वर्गात एकच वाक्य सांगा: संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहिणी आहेत, कुणी कुणाची आई नाही. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच मांडलं होतं, की तिघींचा उगम एका, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या, भाषेत असावा. पुरावा म्हणजे आवाजांचं नियमित नातं. संस्कृत आणि लॅटिनचा 'प' इंग्रजीच्या घरच्या शब्दांत 'फ' होतो: पितृ, पेटर, फादर; पद, पेड, फूट. 'द'चा 'ट' होतो: दंत, डेंट, टूथ, दश, डेसेम, टेन. यात गंमत अशी की इंग्रजीत घरचा टूथही आहे आणि लॅटिनकडून आणलेला डेंटलही, तसेच फूट आणि पेडल. असा नियम दाखवता येत नसेल तर साम्य सोडून द्यावं. देव आणि लॅटिनचा 'डेउस' नातलग आहेत. पण थिऑलॉजीतला ग्रीक 'थिऑस' त्यांचा कुणी नाही, कितीही सारखा वाटला तरी. व्हॉट्सॲपच्या यादीला ही एकच चाळणी लावा, बरीचशी यादी गळून पडेल.

बर्डीचा_मास्तर

फारच कामाचं, सर्वांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. परीक्षा कशी घ्यावी? अर्थ विचारला की पाठ केलेलंच येतं. आणि एसएससीवाल्यांसाठी वेगळं काही? माझ्या तक्त्यात 'सिन्सिअर म्हणजे मेणाशिवाय' ही शिल्पकारांची गोष्ट आहे, मुलांना फार आवडते. ठेवू ना?

धरमपेठी_व्याकरण

हिशेब असा बसतो: सहा तासिका उपसर्ग, प्रत्येकी तीन, म्हणजे अठरा. सहा तासिका लॅटिन धातू, प्रत्येकी दोन, म्हणजे बारा. पाच तासिका ग्रीक, प्रत्येकी दोन, म्हणजे दहा. उरलेल्या तीन चाचणीच्या, पण त्या शेवटी साठवू नका, प्रत्येक भागानंतर एक घ्या.

चाचणीत अर्थ विचारूच नका. अनोळखी शब्द वाक्यासकट द्या आणि तीन कामं सांगा: उभ्या रेघांनी शब्द तोडा, मुळावरून अंदाज लिहा, मग वाक्यात तो अंदाज बसतो का ते लिहा. तोडणीला एक गुण, अंदाजाला एक, पडताळणीला दोन. अंदाज चुकला पण 'वाक्यात बसत नाही' असं लिहिलं तर ते दोन पूर्ण द्या. पीडिॲट्रिशनचा घोळ यानंच थांबतो. शेवटी शब्दकोश उघडून व्युत्पत्तीचा भाग बघायचा. मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत तो असतो, खिशातल्या छोट्यांत नसतो.

उजळणी पुढच्या तासिकेला, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी. दरवेळी त्याच मुळाचा वेगळा शब्द.

फुटाळा_एसएससी

सीजीएलच्या (एसएससीची पदवीधरांसाठीची परीक्षा) पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. त्यात एका शब्दात सांगा हा प्रकार मुळांवर सरळ सुटतो. 'साइड'ची रांग मराठी पोरांना फुकटात मिळते: पॅट्रिसाइड पितृ, मॅट्रिसाइड मातृ, फ्रॅट्रिसाइड भ्रातृ, सॉरोरिसाइड स्वसृ, रेजिसाइड राजा. मग पॉलिगॅमी, पॉलिअँड्री, पॉलिजिनी एकत्र. अँड्र पुरुष, जिन स्त्री. मिसँथ्रोप, मिसॉजिनिस्ट, मिसॉगॅमिस्ट या तिघांत पर्याय फिरवून हमखास फसवतात: माणसांचा, स्त्रियांचा, लग्नाचा द्वेष. एटिमॉलॉजी आणि एंटोमॉलॉजीही शेजारी ठेवतात, दुसरं कीटकांचं.

म्हणी आणि वाक्प्रचारांच्या प्रश्नांना मात्र मुळं काही कामाची नाहीत, तो वेळ वेगळा काढा.

शंकासूर

सिन्सिअरची गोष्ट काढून टाका, मास्तर. लॅटिन 'सिन्सेरस' म्हणजे निर्भेळ, शुद्ध. मेण आणि शिल्पकार मागाहून चिकटवलेले. नीटवाल्यांमध्ये कॅडॅव्हरचीही अशीच एक गोष्ट फिरते, की तो 'किड्यांना दिलेलं मांस' या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरं जोडून झाला. तसं काही नाही. तो 'पडणं' या धातूचा आहे, म्हणजे ॲक्सिडेंटच्या कार्डावर पाचवा शब्द म्हणून चालेल.