कांद्याच्या पापुद्र्यात हिरवं काहीच का दिसत नाही?

रानपाखरू: लेकीने काल आयोडीनचा थेंब टाकून कांद्याचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली बघितला, विटा रचल्यासारख्या पेशी मस्त दिसल्या, केंद्रकं पण दिसली, पण हरितलवक (उन्हात अन्न बनवणारे हिरवे कण) एकही नाही. पुस्तकातल्या वनस्पती पेशीत तर ते हमखास असतात, मग आमचं काय चुकलं?

गुरुजी: काही चुकलं नाही ताई. कांदा जमिनीत वाढतो, ऊन नाही, त्यामुळे पातीने बनवलेलं अन्न साठवणं एवढंच त्या पेशींचं काम. पुस्तकातलं चित्र सगळं एकत्र दाखवतं, खऱ्या पेशीत कामापुरतंच असतं. हरितलवक बघायचेत तर फिशटँकमधल्या हायड्रिलाचं पान ठेवा, दोनच पेशींइतकं जाड असतं, हिरवे ठिपके सरकताना पण दिसतील!

कोथिंबीर: लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा नक्की घ्या. तो रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतो. कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन काही मिनिटांत रंग आकसून मधे गोळा होतो पण चौकट तशीच, कारण सेल्युलोजची भित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची ताठ भिंत. हाच रससंकोच. काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तेही असंच.

रानपाखरू: आणि प्राणी पेशीचं काय होतं?

गुरुजी: तिला भित्तिकाच नाही. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाकली की पाणी आत शिरून फुगते आणि फुटते, म्हणून तर सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. कांद्याची पेशी साध्या पाण्यात भित्तिकेमुळे फक्त टरारून फुगते.