जमिनीवर उभं विमान : खानदेशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

विमानांच्या मेळ्याला जाऊन आलेली माणसं कसरतींबद्दल भरभरून बोलतात. मला मात्र खाली उभी असलेली विमानं जास्त आवडतात. वरचं विमान काही सेकंदांत नजरेआड होतं. खालचं थांबतं. त्याच्या चाकाशी उकिडवं बसता येतं, पंखाखालून जाता येतं, शेजारी उभ्या माणसाला "हे काय आहे?" असं विचारता येतं, आणि बहुतेक वेळा तो माणूस मनापासून सांगतो.

धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, जळगावला विमानतळ आहे, शिरपूरला वैमानिक घडतात, विमानांचा कारखाना असलेलं ओझरही फार लांब नाही. तरी आपल्यातल्या बहुतेकांनी विमान पाहिलंय ते मान वर करूनच. म्हणून हा धागा. मेळा, विमानतळ, क्लब, संग्रहालय, कुठेही असो, पण विमान जमिनीवर हवं आणि तुम्ही त्याच्या जवळ गेलेले हवेत. काय पाहिलंत, कशाला हात लावलात, काय विचारलंत ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूला येलहंकाच्या एरो इंडिया या विमानांच्या मेळ्याला गेलो होतो. रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ एकाच मैदानात आले होते, त्यामुळे सगळी गर्दी तिकडे. मी आपल्या तेजस या लढाऊ विमानापाशी रेंगाळलो. इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं. लांबी जेमतेम १३ मीटर, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८.२ मीटर. दोरीच्या या बाजूने वाकून पाहिलं तर पंखावर खिळ्यांच्या रांगा जवळजवळ दिसतच नाहीत. बाहेरचा बहुतेक भाग कार्बन फायबरचा आहे. पुढे १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं, तेव्हा ती गुळगुळीत कातडी डोळ्यांपुढे आली. आपल्या भागातली किती मुलं आयटीआय करून ओझरला लागलीत! त्यांच्यापैकी कोणी लिहिलं तर फार बरं वाटेल.

धुळे, वैमानिक प्रशिक्षण घेणारी

मी गोंदूरला शिकते. शिकाऊ वैमानिक येतो, बसतो आणि उडतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आधी हातात यादी घेऊन विमानाला पूर्ण फेरी मारावी लागते. खरं शिक्षण तिथेच सुरू होतं.

आमच्या छोट्या सेसना १७२ विमानाच्या पेट्रोलच्या टाक्या पंखांत असतात. पंखाच्या खालच्या बाजूला छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यावर पारदर्शक पेला दाबून थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडात धरून पाहायचं. हे पेट्रोल निळसर असतं, १०० एलएल म्हणतात त्याला. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड असल्यामुळे पेल्याच्या तळाशी वेगळ्या थेंबासारखं दिसतं. पावसाळ्यात सकाळी हे काम करताना कोणी घाई केली तर आमचे सर लगेच थांबवतात. इंजिनात पाणी गेलं तर ते कुठे बंद पडेल याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला दाखवते. डाव्या पंखाच्या पुढच्या काठावर एक लहानसं भोक आहे. विमानाचं नाक प्रमाणाबाहेर वर गेलं आणि पंखावरून वाहणारी हवा सुटायच्या बेताला आली की त्या भोकातून हवा ओढली जाते आणि वैमानिकाच्या डोक्याजवळ पिपाणी वाजते. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढली तरी ती वाजते! पोरं हे पाहून वेडी होतात.

आबा आले होते एकदा, शिंदखेड्याहून. विमानाभोवती दोन्ही हात मागे बांधून फिरले आणि विचारलं, "हाई उडस तव्हय पाय कोठे ठेवस?" म्हटलं, आबा, मोठी विमानं पाय पोटात घेतात, हिचे तसेच लटकत राहतात. मग त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला, पंखाला खालून हात लावला आणि पुढच्या पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे निघाले. तिथे मात्र मी त्यांचा हात धरला.

सगळ्यांना सांगते, बंद विमानाच्याही पंख्याला हात लावू नका. या इंजिनांत ठिणगी मॅग्नेटो नावाचा भाग पाडतो, त्याला बॅटरीची गरज नसते. त्याची तार कुठे सुटलेली असली तर हाताने पंखा नुसता फिरवला तरी इंजिन सुरू होऊ शकतं.

मे महिन्याचंही सांगते. धुळ्याचा पारा चढला की हवा विरळ होते. पंखाला आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोर घटतो आणि धावपट्टीवर जास्त पळावं लागतं. त्यामुळे आमची उड्डाणं शक्यतो सकाळी लवकर.

भुसावळ, हवाई दलातून निवृत्त

ताई, तुम्ही पंख्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा होतो, नोकरीची बरीच वर्षं मिग-२१ या लढाऊ विमानावर गेली. स्टेशनवर लोकांसाठी विमानं मांडली की मला हमखास मिगपाशी उभं करायचे.

लोक येऊन आधी नाकाकडे बघत. मिगचं नाक म्हणजे हवा आत घेणारं गोल तोंड, आणि त्यात मधोमध टोकदार शंकू. हा शंकू वेगानुसार पुढेमागे सरकतो. आवाजापेक्षा जास्त वेगाने येणारी हवा थेट इंजिनात गेली तर इंजिनाला सोसत नाही, म्हणून शंकू तिला आधी हळू करतो. हे समजावलं की शाळेतली मुलं वाकून आत बघायची आणि "आत पंखा कुठंय?" असं विचारायची. पंखा खूप मागे असतो, वैमानिक बसतो त्याच्याही मागे. हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी जाते.

पंख लहान आणि पातळ. टोकापासून टोकापर्यंत सात मीटरांहून थोडंसंच जास्त. इतक्या लहान पंखांवर सावकाश उतरता येत नाही, म्हणून शेपटीच्या मुळाशी नळकांड्यात पॅराशूटची छत्री ठेवलेली असते. चाकं टेकली की ती मागे उघडते आणि वेग मारते. ती छत्री घडी घालून परत भरायचं काम जमिनीवरच्या माणसांचं. प्रदर्शनात त्याबद्दल कोणी विचारत नसे, मीच सांगायचो.

आणि लाल फिती. उभ्या विमानावर जिथे लाल फीत लटकते तिथे पिन किंवा झाकण असतं, ते उड्डाणाआधी काढायचंच. वैमानिकाच्या खुर्चीखाली, संकटात ती विमानाबाहेर फेकणारा स्फोटक बार असतो, त्याच्या पिना जमिनीवर लावलेल्याच पाहिजेत. फोटो काढताना कोणी फीत ओढली की माझा आवाज आपोआप चढायचा. त्यात मला गैर वाटत नाही.

सकाळी आम्ही सगळे ओळीने धावपट्टीवर चालत खडे वेचायचो. अधिकारी असो वा शिपाई. एक खडा इंजिनात गेला तर काय होतं ते पाहिलेला माणूस आयुष्यभर खाली बघत चालतो.

१९६३ ला हवाई दलात आलेलं मिग २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. घरी टीव्हीपुढे मी उभा राहून सलाम केला. त्याला लोकांनी नावं ठेवली, अपघात झाले, माझ्या ओळखीचे गेले, हे सगळं खरं. पण ज्यांनी त्याला हाताने सांभाळलं त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका एवढंच म्हणेन.

जळगाव

काकांना नमस्कार. लढाऊ विमान मी जवळून पाहिलेलं नाही, पण २५ नोव्हेंबर २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील पुण्याच्या लोहगावहून सुखोई-३० या लढाऊ विमानात बसल्या, तेव्हाचा त्यांचा जी-सूटमधला, म्हणजे लढाऊ वैमानिकाच्या पोशाखातला फोटो आमच्या घरी कितीतरी दिवस फ्रिजवर लावलेला होता. वय ७४. बोदवड तालुक्यातल्या नाडगावची लेक! माझी आई त्या फोटोकडे बघून म्हणायची, शिडी चढल्या हेच मोठं.

त्याच आईला मागच्या वर्षी जळगावहून हैदराबादच्या विमानात बसवलं. इथे बोगद्यातून विमानात शिरायचं नसतं, चालत जायचं असतं, त्यामुळे आमचं एटीआर विमान अगदी समोरून दिसलं. सहा पात्यांचे काळे पंखे, पाती टोकाला वळलेली. प्रवासी मागच्या दाराने चढतात. आईने लगेच विचारलं, पुढून का नाही? तिथल्या मुलीने सांगितलं की पुढच्या दारातून सामान जातं. शेपटीखाली एक दांडा टेकवलेला होता. सगळी माणसं एकदम मागे गोळा झाली तर शेपूट खाली बसू नये म्हणून तो लावतात. आईला हे इतकं पटलं की हैदराबादला उतरल्यावर तिने आधी वळून दांडा लावलाय का ते पाहिलं.

मूळ अमळनेर, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिन

आमच्या राज्यात ऑशकॉश गावी दर जुलैअखेर विमानांचा आठवडाभराचा मेळा भरतो. हौसेने विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेने १९५३ मध्ये तो सुरू केला आणि १९७० पासून तो ऑशकॉशलाच भरतो. त्या आठवड्यात परिसरात दहा हजारांहून जास्त विमानं उतरतात. लोक आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. दोरीवर टॉवेल वाळत घातलेले, शेजारी स्टोव्हवर कॉफी, आणि त्या सगळ्याच्या मधे विमान.

मी दरवर्षी आधी घरी बांधलेल्या विमानांच्या रांगेत जातो. तिथे लाँग-ईझेड नावाचं एक विमान हमखास दिसतं. लहान पंख पुढे, मोठे मागे, पंखाही मागेच. वैमानिक उतरला की मागचा भार जास्त होतो, म्हणून पुढचं चाक पोटात घेऊन ते नाकावर टेकवून ठेवतात. बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, अगदी तसं दिसतं. पंख फोमचे, तापलेल्या तारेने कापलेले, वर काचतंतूचं कापड आणि रेझिन. एका मालकाने मला पंखाची कड बोटांनी चाचपायला लावली. कुठे जाडी जराही बदललेली लागत नव्हती. गॅरेजमध्ये, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं घासून केलेलं काम ते.

अमळनेरला आमच्या गल्लीत एक मिस्त्री होते, थ्रेशरपासून मोटारीपर्यंत सगळं वेल्डिंगला यायचं. त्यांना इथे आणायला हवं होतं असं मला दरवेळी वाटतं. या लोकांशी त्यांची भाषेवाचूनही गट्टी जमली असती.

धुळे

अमेरिकेतल्या दादांनी घरी बांधलेल्या विमानांचं लिहिलं म्हणून माझं लिहितो. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनाच्या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलेलं होतं. मी तेव्हा मुंबईत नोकरीला होतो, दोन लोकल बदलून गेलो. सहा आसनी. पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा, कुठेही वाकडी नाही. मी बराच वेळ फक्त त्या रांगाच बघत होतो, कारण वडिलांचा पत्र्याच्या कोठ्यांचा धंदा, सरळ रांग मारायला काय लागतं ते लहानपणापासून पाहिलेलं.

गच्चीवरून ते विमान सुटं करून खाली उतरवावं लागलं. नंतर परवानग्यांसाठी वर्षं गेली. आणि २०२० मध्ये त्याची चाचणी उड्डाणं झाली कुठे, तर आपल्या धुळ्यात! बातमी वाचून मी घरात ओरडलोच. तो सगळा कोविडचा काळ होता, धावपट्टीजवळ जाणं शक्य नव्हतं, पण मी ज्याच्या रिव्हेट मोजल्या ते विमान माझ्या गावी उडालं याचा आनंद वेगळाच.

नवापूर

शाळेची सहल मुंबईला नेहरू विज्ञान केंद्रात गेली होती. आवारात मारुत नावाचं विमान उभं आहे. बंगळुरूला तयार झालेलं आपलं पहिलं लढाऊ जेट, कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली रचलेलं, १९६१ मध्ये उडालेलं. आम्हा आदिवासी आश्रमशाळेच्या मुलांसाठी ते पहिलं विमान. सरांनी हजेरी तिथेच, त्याच्या सावलीत घेतली. आता मी स्वतः पॉलिटेक्निकला यंत्र शाखेत आहे.

चोपडा, शिक्षिका

सगळे प्रतिसाद वर्गात वाचून दाखवले. लाल फितीचं आणि पिपाणीचं पोरांनी परत वाचायला लावलं. धुळ्याच्या ताई, सातवीची मुलं गोंदूरला आणायची असतील तर काय करावं लागेल?

धुळे, वैमानिक प्रशिक्षण घेणारी

बाई, शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, मुलांची आणि सोबतच्या शिक्षकांची नावं लिहा. परवानगी वरून येते, तेव्हा हातात वेळ ठेवून द्या. थंडीतली सकाळ निवडा. टोप्या सैल नकोत, वारा असतो. खिशातली नाणी, गोट्या, चॉकलेटचे कागद गेटवरच पिशवीत जमा करा. भुसावळच्या काकांनी खड्यांचं सांगितलंय ते सगळ्यालाच लागू. आणि एका वेळी विमानाजवळ थोडीच मुलं, म्हणजे प्रत्येकाला पेल्यातलं निळं पेट्रोल बघता येईल.

भुसावळ, हवाई दलातून निवृत्त

तारीख ठरली की कळवा. मी स्वखर्चाने येतो, मुलांना रांगेत उभं करून आधी खडे वेचायला शिकवतो.

चोपडा, शिक्षिका

काका, नक्की या. अर्ज आज टाकते. मुलांनी आत्ताच प्रश्नांची वही केलीय. पहिला प्रश्न असा की विमानाला मोटारसायकलसारखी चावी असते का?

धुळे, वैमानिक प्रशिक्षण घेणारी

आमच्या सेसनाला असते. उड्डाणाआधी त्याच चावीने डावा आणि उजवा मॅग्नेटो वेगवेगळा तपासायचा असतो, कारण एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं. आल्यावर विचारणाऱ्यालाच पुढे बसवून दाखवू.