डॉक्टर असून राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रिनियुस, कुणी वाचलंय का?

सांगलीकर_मेडिको: मिरजेत इंटर्नशिप चालू आहे. नाइट ड्युटीत मोबाईलवर वाचताना लिथुआनियाचे काझिस ग्रिनियुस सापडले. १८९३ ला मॉस्कोत डॉक्टर झाले, मग गावागावात प्रॅक्टिस, आणि १९२६ ला थेट राष्ट्राध्यक्ष! पण सहा महिन्यांत पद गेलं, असं कसं काय?

कराडचा_वाचक: भावा, लष्करी उठाव झाला. तारीख बघ, १७ डिसेंबर १९२६, त्याच दिवशी त्यांची साठी होती. त्यांच्या काळात मार्शल लॉ उठवला, राजकीय कैदी सोडले, सोव्हिएतशी अनाक्रमण करार केला, त्यामुळं उजवे आणि लष्करातले अधिकारी भडकलेले. आधी राजीनामा द्यायला ते तयारच नव्हते, शेवटी दिला, आणि उजवे राष्ट्रवादी नेते स्मेतोना खुर्चीवर बसले ते १९४० पर्यंत.

तासगावची_लेक: मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त मोठं वाटतं. १९४२ ला, जर्मन ताबा असताना, पंचाहत्तरीतल्या या माणसानं ज्यूंच्या छळाविरुद्ध लेखी निषेध केला, काउनास शहरातल्या घेट्टोतल्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) एका ज्यू माणसाला घरात आसरा पण दिला. माझे आजोबा तासगावला डॉक्टर होते, पैसे नसलेला पेशंट द्राक्षाची पाटी ओट्यावर ठेवून जायचा, पण रात्री दार वाजलं की आजोबा कोण आहे न विचारता आधी कंदील घ्यायचे. ग्रिनियुसांबद्दल वाचताना तो कंदीलच दिसत राहिला बघ.

सांगलीकर_मेडिको: ताई, वाचून अंगावर काटा आला. १९५० ला शिकागोत वारले ते, मायदेशापासून इतक्या लांब.