बिडाच्या नक्षीदार मुताऱ्या: उधळपट्टी की शहाणपण?

(तिघांचा वाद; ओतकाम, नळपट्टी आणि उंबरठा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

ओतकाम: पॅरिस, बर्लिन, ग्लासगोच्या एकोणिसाव्या शतकातल्या मुताऱ्यांचे फोटो दिसले की "मुतारीला कशाला एवढी नक्षी?" हा सूर लागतोच. हिशोब चुकतोय. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कामात कोरीवकामाचा खर्च लाकडी पॅटर्नवर, म्हणजे साच्यासाठीच्या मूळ नमुन्यावर होतो. पॅटर्न एकदा तयार झाला की वाळूत साचा मारून तोच तक्ता (भिंतीचा पत्रा) कितीही वेळा ओता. ग्लासगोची मॅकफार्लेनची सॅरासेन फाउंड्री (ओतशाळा) याच जोरावर मुताऱ्या, पाणपोया आणि बँडस्टँड (वादकांचे मंडप) कॅटलॉगमधून विकायची. शिवाय पातळ सपाट तक्ता थंड होताना वाकतो; उठाव आणि कडेच्या पट्ट्या त्याला ताठ ठेवतात. वरची जाळी तर सरळ कामाचीच: उजेड आत, वास बाहेर.

नळपट्टी: ओतणं स्वस्त, मान्य. पुढच्या पन्नास वर्षांचं बोला. पाणी दोन तक्त्यांच्या सांध्यात शिरतं, आतले बोल्ट गंजतात, गंज फुगतो आणि ठिसूळ बिडाची कड तडकते. त्यात दरवेळी जुना रंग न खरवडता नवा थर चढवतात, मग नक्षी बुजते आणि खालचा गंज दिसतच नाही. आणि वास जाळीने जात नाही हो, पाण्याने जातो! वरून पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं चुनखडीने बुजली की मुतारीच्या उभ्या पाटीवर पाण्याचा पडदा तुटतो, कोरड्या पट्ट्यांवर लघवीचे क्षार धरतात.

ओतकाम: हे सगळं बिननक्षीच्या मुतारीतही होतंच की. उलट सुटे तक्ते असल्याने फुटला तेवढाच बदलता येतो. बर्लिनच्या १८७८ च्या आराखड्याची हिरवी अष्टकोनी मुतारी बघा: सात बाजूंना सात जागा, आठवीला प्रवेश. त्यातल्या काही आजही वापरात आहेत.

उंबरठा: दोघेही अर्ध्या शहरापुरतंच भांडताय. एकोणिसाव्या शतकातला पॅरिसचा प्रशासक राम्ब्युतो याच्या काळापासून तिथल्या फुटपाथवर ज्या खांबासारख्या मुताऱ्या उभ्या राहिल्या त्या फक्त पुरुषांसाठी. स्कॉटलंडमधल्या रॉथसेचं १८९९ चं शौचालय, काचेच्या टाक्या, संगमरवर, सगळा थाट. बायकांची सोय मात्र १९९० च्या दशकात! उधळपट्टी म्हणायचीच तर ती ही.

नळपट्टी: बायकांसाठी बंद खोली, फ्लशची टाकी, मैलावाहिनी आणि राखणदार लागतो. खर्च कैक पट.

उंबरठा: मग शुल्क घ्या. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात शौचालयं उभारणाऱ्या जेनिंग्ज या प्लंबरने एक पेनी घेतली, तरी ८ लाखांवर लोकांनी वापर केला. खर्चाची अडचण तिथेच सुटली होती.