कोलायटिसच्या ऑपरेशननंतर बायको बॅगेला हात लावू देत नाही. मदत करायची तरी कशी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडचा, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ३६. तिला बरीच वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार आहे. गोळ्यांवर बरं चाललं होतं. यंदा गौरी-गणपतीनंतर एकदम भडकलं. दिवसाला पंधरा-वीस वेळा जायचं आणि त्यात निम्म्या वेळा नुसतं रक्त. पुण्याला अ‍ॅडमिट केलं. आधी शिरेतून स्टेरॉइड दिलं, मग इन्फ्लिक्सिमॅबचं इंजेक्शन. तरी आटोक्यात येईना. शेवटी सर्जन म्हणाले, आता थांबलो तर आतडं फुटेल. त्यांनी मोठं आतडं काढलं. गुदाशय सध्या आतच ठेवलाय आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला काढून तिथे बॅग लावलीय. पुढे आणखी दोन ऑपरेशनं आहेत म्हणे: एकात लहान आतड्याचीच पिशवी शिवून खाली जोडायची, दुसऱ्यात पोटावरचं तोंड बंद करायचं.

आता घरी आहोत, टाके निघालेत. जखम चांगली भरतेय. पण बाकीचं काही धड नाही.

बॅग बदलायची वेळ झाली की ती बाथरूमची कडी लावून घेते. तासभर आत. मी दारातून विचारलं, काही देऊ का, तर "तुम्ही जा हो बाहेर" एवढंच. रात्री बॅग गळते. चादर बदलताना मी जागा झालो तर तिला ते आणखीनच लागतं. एकदा चुकून दिसलं, पोटावरच्या तोंडाभोवतीची कातडी लालभडक सोलवटलीय. आई म्हणते खोबरेल लाव, हळद लाव. तिने खोबरेल लावून बघितलं, तर दुपारच्या आत बॅगच निघून आली.

दुसरं म्हणजे तहान. दिवसभर पाणी पिते. येणारा प्रत्येक जण शहाळी आणतो, तीही पिते. तरी तोंड कोरडं. उठलं की अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. एवढं पाणी जातंय कुठे? बॅग तर सारखी भरलेलीच असते, अगदी पाण्यासारखी.

आणि माणसं! परवा एक लांबची मावशी म्हणाली, "बघू गं, कुठून काढलंय?" ही उठून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. देवाजवळ दिवा लावणंही बंद केलंय. कारण विचारलं तर बोलत नाही, पण मला कळतं. पोरगा तिसरीत आहे, तो विचारतो आई मला जवळ का घेत नाही.

मला सलाईनच्या बाटलीपासून स्वयंपाकापर्यंत काहीही करायला सांगा, मी करीन. पण तिला माझी मदतच नको असेल तर मी काय करायचं? कुणाच्या घरात हे झालं असेल तर सांगा.

निसर्गपुत्र

कुटजारिष्ट सुरू करा. जुलाबावर रामबाण आहे. ऑपरेशनआधीच घ्यायला हवं होतं, आतडं वाचलं असतं.

माजी_वॉर्डसिस्टर

वरच्या सल्ल्याकडे लक्ष देऊ नका. ज्या आतड्याचा आजार होता ते आता पोटात नाही, आणि ते कशाने वाचलं असतं हे तुम्हाला आत्ता ऐकवण्यात काय शहाणपण आहे?

मी सर्जिकल वॉर्डात नोकरी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, पेशंटबरोबर. आधी तहानेचं, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. अंधारी, पोटऱ्यांत गोळे, कोरडं तोंड, पाण्यासारखी बॅग: उद्यावर ढकलू नका, आजच तुमच्या सर्जनच्या टीमला फोन करा. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि किडनीची रक्ततपासणी लागेल. लघवी कमी आणि गडद होतेय का, हे तिला विचारा.

उरलेलं पाणी आणि मीठ शोषून घ्यायचं काम मोठं आतडं करत होतं. ते गेलं की लहान आतड्यातून पाण्याबरोबर मीठही बाहेर पडतं. अशात साधं पाणी भरपूर प्यायलं की ते आतड्यात मीठ ओढून घेतं आणि दोन्ही मिळून बॅगेत येतात. म्हणजे जितकं प्यावं तितकी तहान. चहाचं तेच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण हिला हवं ते सोडियम फार कमी. गोड सरबतं तर बॅग आणखी पातळ करतात. त्यामुळे ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, अर्धं-अर्धं करायचं नाही, आणि दिवसभर घोट घोट प्यायचं. भाताची पेज मीठ घालून, ताक मीठ घालून. साधं पाणी किती चालेल ते डॉक्टर सांगतील. जुलाब थांबवायच्या गोळ्याही तेच देतील, तुम्ही मनाने सुरू करू नका.

बाजारातून मापाच्या रेघा असलेला एक प्लास्टिकचा जग आणा. बॅग त्यात रिकामी करायची, आकडा लिहायचा, मग संडासात ओतायचं. सुरुवातीला चोवीस तासांत लिटरभर येणं चालतं, पुढे ते अर्धा ते पाऊण लिटरवर येतं. दीड लिटरच्या वर जायला लागलं की फोन. दोन लिटर म्हणजे सरळ हॉस्पिटल.

आता कातडी. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात पाचकरस असतात, ते कातडीला भाजून काढतात. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू लहान होतो. हॉस्पिटलातून निघताना प्लेटला, म्हणजे बॅगेच्या कातडीला चिकटणाऱ्या भागाला, ज्या मापाचं भोक कापायला शिकवलं, तेच माप अजून चालू असेल तर कडेची कातडी उघडी राहते आणि जळते. कातडी ओली झाली की प्लेट सुटते, सुटली की आणखी जळते. बॉक्समध्ये मोजपट्टीचं कार्ड असतं, त्याने दर वेळी मोजायचं आणि स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं भोक ठेवायचं. खोबरेल नको, हळद नको, क्रीम नको, तेलकट साबण नको. कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, सोललेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरवून जादाची झटकायची, मग प्लेट. ती आधी दोन तळहातांत धरून थोडी गरम करायची आणि लावल्यावर काही मिनिटं हाताने दाबून ठेवायची. बदलायला सगळ्यात चांगली वेळ सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी. तेव्हा आतडं शांत असतं. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची आणि रात्री एकदा गजर लावून उठायचं. गळायला लागली तर वरून चिकटपट्टी मारू नका. प्लेट काढा, नवी लावा.

स्टोमा काळा-जांभळा पडला, किंवा चार-सहा तास बॅगेत काहीच आलं नाही आणि पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या, तर गाडी काढायची. पुसताना थोडंसं रक्त लागलं तर घाबरायचं नाही, तिथे तसं होतं.

उजवा_विंगर

काका, मुलाला फुटबॉल आवडतो का? मँचेस्टर युनायटेडच्या डॅरेन फ्लेचरला हाच आजार होता. २०१३ च्या जानेवारीत ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो परत मैदानात उतरला. नंतर वेस्ट ब्रॉम या दुसऱ्या क्लबचा कॅप्टनही झाला. मला स्वतःला कोलायटिस आहे, अजून गोळ्यांवरच आहे, म्हणून हे माहीत.

मोगऱ्याचा_गजरा

कराडचे भाऊ, मी तिच्या बाजूने लिहिते. माझी तिन्ही ऑपरेशनं झालीत, आता पिशवी आत आहे. तेव्हा मीही कडी लावायचे.

ती कडी तशीच राहू द्या. महिनोन्‌महिने जिचं संडासाला जाणं घरादाराने मोजलं, वॉर्डात रोज चार अनोळखी माणसांनी जिचं पोट उघडं करून बघितलं, तिला एक दार तरी आतून लावता यायला हवं. तुम्हाला ते तुमच्यावरच्या अविश्वासासारखं दिसत असेल, पण ते तसं नाही. आणि बॅगेशी संबंधित निम्मं काम बाथरूमच्या बाहेरच असतं, ते तुम्ही घ्या. तिने फक्त माप सांगायचं, प्लेटा कापायचं काम तुमचं. जेवणाच्या टेबलावर बसा, बारीक वाकडी कात्री घ्या, दोन-तीनच प्लेटा कापून ठेवा, कारण माप बदलत राहतं. कापलेली कड बोटाने घासून गुळगुळीत करा. बॉक्स संपायच्या आधी नवा मागवणं, पावडर, पुसायचे कपडे, वापरलेली बॅग कागदात गुंडाळून कचऱ्यात वेगळी देणं, हेही तुमच्याकडे. कुठली कंपनी जमत नसेल तर कोलोप्लास्ट, हॉलिस्टर, कॉन्व्हाटेक यांचे नमुने मागून बघा, प्रत्येकीच्या पोटाचा आकार वेगळा असतो. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, त्यांच्याकडेही विचारा. स्वतः बॅग वापरणारी एखादी बाई तिच्याशी फोनवर बोलली तर तुमच्या-माझ्या दहा सल्ल्यांपेक्षा बरं.

गादीवर एक वॉटरप्रूफ चादर कायमची घाला. रात्री गळलं तर उठून दिवा लावून "काय झालं, काय झालं" करू नका. धुतलेली चादर तिच्या हाताशी ठेवा, ओली उचला, झोपा.

चिडचिडीचं एक कारण स्टेरॉइडही असतं. झोप उडते, तोंड सुजतं, उगाच रडू येतं. ते डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. वैतागून तिने एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, तेवढं वेळापत्रक मात्र तुम्ही डोळ्यात तेल घालून पाळा. आणखी एक, जे ती तुम्हाला कदाचित सांगणार नाही. गुदाशय आत आहे म्हणजे खालून अधूनमधून चिकट शेंब पडतो, जायची कळ आल्यासारखीही वाटते. मला वाटलं होतं काहीतरी फाटलं. काही फाटलेलं नसतं. हे तिला नुसतं वाचायला द्या.

पाहुण्यांना तुम्ही अडवायचं, तिने नाही. माझ्या नवऱ्याने एकच वाक्य ठरवलं होतं: "डॉक्टरांनी पंधरा मिनिटंच सांगितलीत, आणि ऑपरेशनबद्दल बोलायला मनाई आहे." डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. मावशीला हे सांगताना हसू नका, म्हणजे झालं.

साडीच्या आतल्या परकराची नाडी नेमकी प्लेटवरून जाते. काही दिवस रुंद इलॅस्टिकचा परकर किंवा सैल गाउन. जेवण म्हणजे मऊ भात, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, अंडं, मासे. केळ्या-भाताने बॅग जरा घट्ट होते. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, शेंगदाणे, मशरूम, फळांच्या साली सध्या बंद, ही मंडळी पोटावरच्या तोंडाशी अडकून बसतात. म्हणजे एकादशीची खिचडी नको, दाण्याचा कूट येतोच. सासूबाईंना उपास घडवायचाच असेल तर साबुदाण्याची पेज करा म्हणावं.

दिव्याचं म्हणाल तर मी बॅग लावून गौरी बसवल्या. कुणाला विचारलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तिला "लाव" म्हणून आग्रह करू नका. पोराला मात्र खरं सांगा: आईच्या पोटावर एक पिशवी आहे, दुखू नये म्हणून डाव्या बाजूने मिठी मारायची. मुलं पाच मिनिटांत सरावतात.

कृष्णाकाठ

सिस्टर, तुमचं वाचून लगेच फोन केला. त्यांनी बोलावून घेतलं. सोडियम चांगलंच खाली होतं, सलाईन लावून काढलं आणि गोळ्या सुरू केल्या. आता ओआरएस आणि खारी पेज चालू आहे. गोळे थांबलेत. शहाळी आता पोरगा आणि मी पितो.

भोकाचं तर मलाच हसू आलं. आयुष्यभर गॅस्केट कापण्यात गेलं, भोक मोठं झालं तर गळणारच हे मला कुणी सांगायला हवं होतं का! मोगराताई, तुमची पोस्ट मी तिला नुसती वाचायला दिली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून आवाज आला, "अठ्ठावीस." मी तीसचं कापून दाराच्या फटीतून दिलं. त्यानंतर गळणं कमी झालंय, कातडीही सुकतेय. कडी अजून आहे. शेंब पडतो ते खरंच तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मावशीचा फोन आला होता. मी न हसता सांगितलं.

आता दोन शंका. ती शाळेत कधी जायला लागेल, आणि तिथे कसं जमवायचं? आणि दुसरं ऑपरेशन साधारण किती दिवसांनी करतात?

मोगऱ्याचा_गजरा

दुसरं ऑपरेशन बहुतेक करून तीन ते सहा महिन्यांनी. तोवर स्टेरॉइड सुटलेलं हवं, वजन आणि हिमोग्लोबिन वर आलेलं हवं. घाई करू नका. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर ते आधीच सर्जनशी दोघांनी मिळून बोला. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर दिवस राहायला अडचण येऊ शकते, आणि हा विषय आपणहून काढायला तिला जड जाईल. पिशवी जोडल्यावरही दिवसाला पाच-सात वेळा जावं लागतं हेही आत्ताच माहीत असू द्या, नाहीतर "सगळं पूर्वीसारखं होणार" म्हणून वाट बघत बसाल. पूर्वीसारखी धावाधाव मात्र नसते. मला जागा शोधत पळावं लागत नाही.

शाळेला सर्जन हो म्हणतील तेव्हा. आधी अर्धा दिवस मिळाला तर बघा. वह्यांचे गठ्ठे, खुर्च्या उचलायच्या नाहीत, पोटावरच्या तोंडाशेजारी हर्निया होतो. स्टाफच्या बाथरूमची एक किल्ली तिच्याकडे हवी, त्यासाठी मुख्याध्यापकांशी तीच बोलेल की तुम्ही, हे तिला विचारा. पर्समध्ये एक कापलेली प्लेट, दोन बॅगा, ओले पुसणे, एक परकर आणि काळी प्लास्टिकची पिशवी. बॅगांचा साठा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने चिकट थर वितळतो.